रोहूच्या आतड्यातली दारं

उंद्री, ता. चिखली
२ मार्च २०२५

चि. महामायास,
सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू घाबरली असशील. ती भीती आधी खाली ठेव. विपरीत जे व्हायचं ते नोव्हेंबरातच होऊन गेलं. स्वरयंत्र काढलं तेव्हा तू चार दिवस येऊन गेलीस, त्यानंतर फोनवर तुझा आवाज ऐकतो आणि मी इकडून मान हलवतो. मान हललेली कोचीपर्यंत कशी दिसणार? मोबाइलवर टाइप करायला गेलो की माझ्या जाड बोटाखाली तीन-तीन अक्षरं दबतात. म्हणून हा जुना मार्ग. पोस्टमन खूश आहे, म्हणाला, सर, कित्येक वर्षांनी कोणी तिकिटं मागितली.

छत्तीस वर्षं पोरांना तंबाखूचे तोटे शिकवले आणि मधल्या सुट्टीत खोलीच्या मागे जाऊन स्वतः चिमूट लावली. निसर्गानं गुण बरोबर दिले आहेत, माझी तक्रार नाही.

आता मुद्द्याचं. किरणांचा शेक घेतल्यापासून घशाची वाट पार आवळली. थुंकीही उतरत नाही. जानेवारीत पोटाला नळी बसवली हे तुला माहीत आहे. ती जठरात नाही, त्याच्या पुढे थेट लहान आतड्यात सोडली आहे. साधी पावडर दिली की जुलाब होत होते, म्हणून डॉक्टरांनी दुसरा डबा दिला. त्याच्यावर लिहिलंय की यातली प्रथिनं आधीच तोडून 'लघु पेप्टाइड' केलेली आहेत. आता मी दहावीला काय शिकवायचो? प्रथिन तुटून तुटून त्याची सुटी अमिनो आम्लं होतात आणि मगच आतडं ती शोषतं. तूही माझ्या वर्गात तेच पाठ केलंस. मग हे मधलं कोण उपटलं?

गळ्याच्या डाव्या बाजूला पुन्हा गाठ दिसते आहे. तिच्यासाठी औषध द्यायचं आहे, पण डॉक्टर म्हणतात जूनच्या पहिल्या आठवड्यात माझं वजन पंचेचाळीस भरलं पाहिजे, तरच. त्याहून कमी वजनाच्या माणसाला ते औषधच मारून टाकेल. आज त्रेचाळीस आहे. भुसारवाल्याच्या काट्यावर दर शुक्रवारी जाऊन बसतो, हमाल हसतात.

तू माशांच्या आतड्यावरच काम करतेस ना? लोक विचारतात, भाची काय करते. मी म्हणायचो, माशांत आहे. लोक म्हणायचे, विकते का? मलाही तुझं काम कधी नीट कळलं नाही, हे आज कबूल करतो. सविस्तर लिही. वेळच वेळ आहे.

मामीचा आशीर्वाद.

तुझा
दयाराम मामा


कोची
१३ मार्च २०२५

ती. मामा,
जय भीम.

पत्र हातात घेऊन खूप रडले आणि मग खूप हसले. 'विकते का' हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं.

तुम्ही शिकवलं ते चूक नव्हतं, अर्धं होतं. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ समजा, एकेक मणी म्हणजे एकेक अमिनो आम्ल. आतड्याच्या पेशींना बाहेरच्या बाजूला दारं असतात. ही दारंसुद्धा प्रथिनांचीच, आम्ही त्यांना वाहक प्रथिनं म्हणतो. सुट्या मण्यांची दारं पुष्कळ आहेत, पण ती फार चोखंदळ, प्रत्येकाला आपल्याच रंगाचा मणी लागतो. आणि एक दार असं आहे, पेप्ट-वन त्याचं नाव, की ते दोन मणी चिकटलेले किंवा तीन मणी चिकटलेले असे तुकडे आख्खेच आत घेतं. कुठल्याही रंगाचे. दोन-दोनच्या चारशे जोड्या, तीन-तीनचे आठ हजार प्रकार, सगळे एकाच दारातून. चार मणी असले की मात्र बंद. प्रत्येक तुकड्याबरोबर हायड्रोजनचा एक धन कण आत शिरतो, त्याच्याच ओढीनं तुकडा ओढला जातो. आत गेल्यावर पेशी त्याचे सुटे मणी करून रक्तात सोडते.

माझा मासा रोहू. रोहूला जठर नसतं मामा. गिळलेलं सरळ आतड्यात. तुमचीही सध्या तीच गत आहे, आणि तेच दार तुमच्या आतड्यातही आहे. म्हणून तुमचा तो डबा. दुखणाऱ्या, थकलेल्या आतड्याला माळ तोडत बसायचे कष्ट नकोत, आयते तुकडे द्यायचे.

मी रोज काय करते? रोहूच्या पिलांना असे तुकडे खाऊ घालते आणि त्यांच्या आतड्यात दारं किती वाढली ते मोजते. तुकडे करायची रीत तर तुम्हाला आवडेल. माशाचं मांस बारीक वाटायचं, त्यात कच्च्या पपईचा चीक घालायचा, बोटाला सोसेल इतपत गरम पाणी, आणि चार तास तसंच ठेवायचं. उकळायचं नाही, उकळलं की चीक मरतो आणि तुकडे पडायचे थांबतात. चार तासांनी मांस विरघळून पातळ चहासारखं पाणी होतं. पुढचं सगळं रटाळ काम आहे, ते लिहून तुम्हाला कंटाळा आणत नाही.

सोबत आतड्याचं चित्र काढून पाठवते. आकृतीला नावं दिली आहेत, नाहीतर तुम्ही अर्धा गुण कापाल.

पंचेचाळीस होणारच. व्हायलाच हवं.

तुमची
माया


उंद्री
३० मार्च २०२५

चि. माया,

आकृतीला दहापैकी नऊ. पेन्सिलीनं काढायची असते, तू पेनानं काढलीस.

पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या मामीनं चारदा. तिची सातवी झालेली असली तरी ती अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचते. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "म्हंजे मटनाले कच्ची पपई लावतो तसंच नं हे?" मी पाटीवर लिहिलं, हो, तसंच. "मंग एवढ्यासाठी ते पोरगी सहा वर्ष शिकून राह्यली?" मी इतका हसलो की गळ्याच्या भोकातून शिट्टी वाजली. आवाज गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो असेन.

ते झालं. आता दुसरं लिहितो, ते तिला दाखवणार नाही. ती माझ्यासमोर जेवत नाही. ताट घेऊन मागच्या आवारात जाते आणि भिंतीकडे तोंड करून घाईघाईनं संपवते. चौतीस वर्षं ती मला रोज विचारायची, भाजी कशी झाली? आणि मी पेपरातून मान वर न काढता 'हूं' म्हणायचो. आता ती सकाळी डब्यातून चमच्यानं पावडर मोजते, पाणी घालते, नळीत सोडते आणि हात धुऊन बसून राहते. तिला करायला काही उरलं नाही. तू दहावीपर्यंत या घरात होतीस, आम्हाला पोर नाही, तूच ती. म्हणून तुला सांगतो, मला गाठीपेक्षा हे जास्त लागतं.

वजन एक्केचाळीस पूर्णांक दोन. घटतं आहे. डबा तर पूर्ण घेतो.

एक विचारतो. मासा बरेच दिवस उपाशी राहिला तर ती दारं वाढतात की घटतात? मला समजूत घालणारं उत्तर नको. प्रयोगवहीत लिहिशील ते लिही.

मामा


कोची
७ एप्रिल २०२५

ती. मामा,

चार दिवस हे पत्र लिहायचं टाळलं.

थोडे दिवस उपाशी ठेवलं तर दारं टिकून राहतात. पुन्हा खायला मिळालं की आतडं जोमानं कामाला लागतं, कधी कधी आधीपेक्षा जास्त. हे चांगलं आहे आणि खरं आहे.

पण फार दिवस उपास घडला तर आतड्याच्या आतल्या घड्या चपट्या होत जातात. घड्यांवरच दारं असतात, मामा. भिंतच पातळ झाली तर दारं कुठे बसणार? माझ्याकडे सहा आठवडे उपाशी राहिलेल्या रोहूचे काप आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली ते बघवत नाहीत. हे मी तुम्हाला लिहिणार नव्हते, पण समजूत नको म्हणालात.

म्हणजे वेळ घालवून चालणार नाही. आतड्यात रोज तुकडे पडत राहिले पाहिजेत, जितके पोचतील तितके. डॉक्टरांना डबा वाढवता येईल का विचारा.

मला यायचं आहे. माझी पिलं आता नेमकी मोजणीच्या वयाची आहेत, ही तुकडी हातची गेली तर वर्ष जातं. मेच्या शेवटी संपलं की त्याच रात्रीच्या गाडीत बसते. तोवर तुम्ही थांबा. मी हे मागते आहे त्याची मला लाज वाटते, तरी मागते.

मामीला म्हणावं, माझ्यासाठी तुमच्या हातच्या ज्वारीच्या कण्या ठेवा.

माया


उंद्री
२९ एप्रिल २०२५

चि. माया,
सप्रेम जय भीम.

आधी आकडे, मग गप्पा. अकरा एप्रिल चाळीस पूर्णांक सात. अठरा एप्रिल एक्केचाळीस. पंचवीस एप्रिल एक्केचाळीस पूर्णांक आठ! भुसारवाल्यानं काटा दोनदा शून्यावर आणून पुन्हा मोजलं.

कसं झालं ते आत्ता सांगणार नाही. आयुष्यभर वहीत कृती आधी आणि निष्कर्ष मागून लिहायला लावला. यावेळी उलटं करू दे. पंचेचाळीस भरलं की कृती तुझ्यासमोर मांडेन आणि तू तोंडात बोट घालशील. एवढंच सांगतो की घरात एक प्रयोग चालू आहे आणि तुझी मामी त्यात मुख्य आहे. ती पहाटे उठून कामाला लागते. तिचा चेहरा बघायला हवा होतास.

जयंतीला दरवर्षी माझं भाषण असतं. यंदा मी लिहून दिलं आणि किसनरावांनी वाचलं, तेच ते, माझ्या नंतर शाळेत आलेले. चांगलं वाचलं, पण जिथे थांबायचं तिथे थांबले नाहीत. मी खुर्चीवरून हातानं खुणा करत होतो, लोकांना वाटलं मला त्रास होतोय, दोघांनी उचलून बाजूला नेलं.

धरणावरचा मोतीराम हल्ली मंगळवार-शनिवार मासे घेऊन दारात असतो. त्याचा मोठा माझा विद्यार्थी. म्हणतो, दुखणेकऱ्याले मरळीसारखं काही नाही. मी पाटीवर लिहिलं, अरे, खाणार कोण? मामीनं तरी मरळ घेतलीच.

तुला एक ठाऊक नसेल. माझा श्वास गळ्याच्या भोकातून चालतो, नाकातून हवाच जात नाही, त्यामुळे मला वास येत नाही. फुलाचा नाही, फोडणीचा नाही. घरात काय शिजतंय हे तिला विचारावं लागतं. विचारलं की म्हणते, "बेस वास येऊन राह्यला." मग मी डोळे मिटून तो वास आठवतो.

दारं उघडली असावीत, असं वाटतं.

मामा


कोची
७ मे २०२५

ती. मामा, ती. मामी,

पोस्टातून पत्र आणलं आणि जिन्यातच उघडलं. एक्केचाळीस पूर्णांक आठ! मी प्रयोगशाळेत फळ्यावर तुमचा आलेख काढला आहे. तीनच ठिपके आहेत, पण रेघ वर चालली आहे. माझ्या मल्याळी मैत्रिणी रोज येऊन विचारतात, अम्मावन कसे आहेत. अम्मावन म्हणजे मामा.

तुमचा गुप्त प्रयोग मी ओळखला. डॉक्टरांनी डबा वाढवला ना? मामी रात्री-पहाटे उठून जास्तीच्या वेळा नळीत सोडत असणार. बरोबर?

काहीही असो, जे चाललं आहे त्यात तिळमात्र बदल करू नका. वेळ नाही, प्रमाण नाही, पद्धत नाही. आतड्याला सवय लागते आहे. मध्ये थोडं बिनसलं, पोट जरा ढिलं झालं, तरी घाबरून बंद करू नका. माझ्या पिलांनाही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असं होतं आणि मग ती सावरतात.

माझी मोजणी पंचवीसला संपते. अठ्ठावीसला उंद्रीत.

आज फार दिवसांनी पोटभर जेवले.

माया


उंद्री
१६ मे २०२५

चि. माया,

अक्षर वाकडं आहे, समजून घे. पडून लिहितो आहे.

पौर्णिमेपासून जुलाब आहेत. मंगळवारी थंडी वाजून ताप आला. तुझ्या मामीनं सगळं बंद केलं होतं. बुधवारी तुझं पत्र आलं, बदल करू नका, मध्ये असं होतं, म्हणून पुन्हा चालू केलं. आज वजनाला गेलो नाही. उभं राहवत नाही.

आता कृती सांगतो, कारण निष्कर्षाची वाट बघण्यात अर्थ दिसत नाही. डबा वाढवला नव्हता. तुझं ते चपट्या घड्यांचं पत्र तुझ्या मामीनं वाचलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तुझं मार्चातलं पत्र काढलं, मोतीरामकडून मरळ घेतली, पाट्यावर वाटली, पपईचा चीक घातला. बोटाला सोसेल असं पाणी, चार तास, घड्याळ लावून. मग मलमलच्या फडक्यातून तीनदा गाळलं. अगदी चहासारखं पाणी निघालं, तू लिहिलंस तसंच. पावडरीच्या जोडीला दिवसातून तीनदा. मला वाटलं नळी तुंबेल, एकदाही तुंबली नाही.

तुला कळवलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. आणि मला नको नव्हतं. माया, पाच महिन्यांनी तिनं माझ्यासाठी स्वयंपाक केला. गाळून झालं की वाटी माझ्यासमोर धरायची आणि विचारायची, "कसं झालं?" मी पाटीवर लिहायचो, उत्तम. पूर्वी कधी म्हटलं नव्हतं, ते सगळं भरून काढलं.

काहीतरी चुकतं आहे. उन्हामुळे असेल, इथे त्रेचाळीसच्या वर आहे. तुझ्या प्रयोगशाळेत चार तासांनंतर नेमकं काय करतात, ते लगेच

पुन्हा थंडी भरली. उरलेलं उद्या लिहीन म्हणत होतो, पण किसनराव पोस्टाकडे निघाले आहेत, असंच देतो.

दयाराम मामा


उंद्री
१२ जून २०२५

माया बाईले जनकामामीचा जय भीम.

हे माह्यं जिंदगीतलं पह्यलं पत्र हाय. चुकलं तर हसू नको. तुह्या मामाचे पाकिटं आन तिकिटं उरले हायेत, तेच वापरून राह्यली. फोनवर तुह्याशी बोलाले गेली की रडू येते आन बोलनं तसंच राहून जाते.

तू एकवीस तारखेले फोन आल्याबरोबर निघाली, पण तुले तेवीस उजाडले. तुह्या मामाचं तोंड तुले पाहाले भेटलं नाही. उन्हात दोन दिवस ठेवता येत नव्हतं बाई. किसनरावनं लय वाट पाह्यली. तू जलदानाच्या विधीपर्यंत राह्यली, घर झाडलं, भांडे घासले, मले बळजबरीनं दोन घास चारले. तवा घरात मानसं होते म्हनून मले इचारता आलं नाही.

आता इचारतो. डॉक्टर म्हने की आतड्यातून रक्तात जहर गेलं. मी तुह्यं मार्चातलं पत्र पुन्हा काढलं. मले ते आता तोंडपाठ हाय. त्याच्यात लिहेल हाय की चार घंट्यानं चहासारखं पानी होते. आन त्याच्या खाली लिहेल हाय, पुढचं सगळं रटाळ काम आहे, ते लिहीत नाही.

ते पुढचं काय होतं?

मी तू लिहिलं तसंच केलं. एक गोष्ट सोडली नाही. म्हनून इचारतो. तुह्यावर राग नाही. पन मले सकाळ झाली की तेच आठवते आन चूल पेटवाची हिंमत होत नाही.

तब्येतीले जप.

जनकामामी


कोची
२३ जून २०२५

ती. मामी,
जय भीम.

तुमचं पत्र परवाच मिळालं. पण दहा दिवस झाल्यासारखं वाटतं.

मी दोन जूनला इथे परतले तेव्हा पेटीत मामांचं शेवटचं पत्र पडलेलं होतं. मी गाडीत असताना ते आलं. त्यात त्यांनी तुमच्या रशाबद्दल सगळं लिहिलं आहे. तुम्ही वाटी समोर धरून विचारायच्या आणि ते उत्तम म्हणायचे, तेही. ते पत्र तुमचं आहे, आल्यावर तुम्हाला देईन.

मामी, पुढे काही नव्हतं. पुढचं म्हणजे भांडी घासायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, वजनं वहीत उतरवायची. म्हणूनच रटाळ म्हटलं. मांस वाटायचं, चीक घालायचा, चार तास ठेवायचं, गाळायचं, एवढंच असतं, आणि ते तुम्ही माझ्याहून निगुतीनं केलं. तुमच्या हातून काही राहिलं नाही.

मामांची गाठ आत पसरली होती. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना कागद दाखवले, त्या म्हणाल्या, हे होणारच होतं, मरळ दिली असती काय आणि नसती काय. उलट त्या पंधरा दिवसांत वजन वाढलं ते तुमच्यामुळे. हे आकड्यात आहे, मी उगाच म्हणत नाही.

तेव्हा चूल पेटवा. माझ्यासाठी पेटवा.

रोहूचं काम मी सध्या दुसऱ्या मुलीकडे दिलं आहे. तिचं नाव अर्पिता, नवीन आहे, शिकेल. माझं लक्ष लागत नाही. मामांच्या जाण्यानं मी पोरकी झाले, हे तुम्हाला लिहिते, दुसऱ्या कोणाला म्हणत नाही.

तुमची
माया


उंद्री
५ जुलै २०२५

माया,

तुह्यं पत्र वाचलं. शेजारच्या सिंधूताईकडून पन वाचून घेतलं, माह्या वाचन्यात काही राह्यलं असंल म्हनून. नाही राह्यलं.

माह्यं माहेर नांदुऱ्याकडचं. पूर्णेचा मासा खाऊन वाढली मी. मासा वाटून चार घंटे कोमट पान्यात ठेवला तर त्याचं काय होते, हे मले कोनी शिकवाले पाह्यजे का? पह्यले दिवस बरं होतं. मंग ऊन वाढलं. पौर्निमेच्या आदल्या दिवशी फडकं पिळलं आन मले वास आला. तुह्या मामानं पाटीवर लिहिलं, वास कसा हाय? मी म्हटलं, बेस. त्याईले तर येतच नव्हता.

मी त्या रशाचा गंज चुलीवर चढवला होता माया. एक उकळी आनतो म्हटलं. कडेले बुडबुडे याले लागले आन मले तुह्यं पत्र आठवलं, उकळायचं नाही, उकळलं की चीक मरतो, तुकडे होत नाहीत. मी म्हटलं, आपुन सातवी शिकलो, ते पोरगी सहा वर्ष हेच करून राह्यली. उकळी याच्या आंधीच मी गंज खाली उतरवला. मंग थंडं करून नळीतून देल्लं. बुधवारी तुह्यं बदल करू नका म्हनून पत्र आलं, तवा पुन्हा तसंच केलं.

दवाखान्यात डॉक्टरनं मले इचारलं, बाई, पावडर सोडून दुसरं काही देल्लं का नळीतून? मी नाही म्हटलं. खरं सांगतलं असतं तर तुह्यं नाव आलं असतं. तुह्या मामानं माह्याकडं पाह्यलं. त्याईच्या जवळ पाटी नव्हती.

आता तू लिहिते पुढे काही नव्हतं. म्हंजे उकळाचं नव्हतंच. म्हंजे मी गंज उतरवला ते बरोबर केलं. असंच नं?

हाव म्हन नाहीतर नाही म्हन. पन कागदावर नको. इथं ये आन माह्या तोंडाकडं पाहून म्हन.

जनकामामी